चर्चा : ‘मी करलं’ म्हणणाऱ्या लेकराला टोकायचं का?

मानेवाड्याचा_बाप :
पोरगी अडीच वर्षांची. परवापरवापर्यंत ‘मी केलं’ म्हणायची, आता ‘मी करलं’, ‘बाबा बाहेर जाला’ करून राहिली. आई म्हणते दर वेळी टोका, नाही तर जिभेला तेच वळण लागते. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणतात घरात एकच भाषा ठेवा, मराठी-हिंदी-इंग्रजीत मूल गोंधळते. माझ्या मते दोघींचंही चुकते. भरपूर बोलावं, बाकी तिचं ती पाहून घेते. पटत नसेल तर बिनधास्त सांगा.

इतवारीची_मावशी :
नाही पटत! आमच्या वाड्यात ‘काऊन बे’ म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा, म्हणून आज चारचौघांत नीट बोलतो. भाषा शिकवावीच लागते भाऊ.

मानेवाड्याचा_बाप :
मावशी, ‘करलं’ आमच्या घरात कोणीच म्हणत नाही. मग ते तिला शिकवलं कोणी? धर-धरलं, भर-भरलं, म्हणून कर-करलं. नियम तिनं स्वतः शोधला, नेमकी मराठीच त्या जागी दगा देते. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव सांगितलं ‘वग’. दोन वग दाखवल्यावर बहुतेक पोरांनी बरोब्बर अनेकवचन केलं. जन्मात न ऐकलेल्या शब्दाचं! घोकंपट्टीनं हे होत नाही. पोरीचं ‘केलं’ पाठ होतं, आता नियम सापडला. ‘केलं’ परत येईलच.

सावजी_प्रेमी :
टोकू नये, इथवर सहमत. पण ‘बाकी तिचं ती’ हे धोक्याचं आहे. तीन भाषांनी मूल गोंधळत नाही, खरं. भाजीवाल्याशी हिंदी, आजीशी मराठी हे नागपुरातल्या कोणत्याही पोराला जमते. पण ऐकायचे तास तेवढेच ना? शाळेत इंग्रजी, पार्किंगमध्ये खेळताना हिंदी, मग मराठीच्या वाट्याला रात्रीचं जेवण, तेही टीव्हीसमोर! अशा पोरांना मराठी समजते सगळी, उत्तर मात्र हिंदीत येते.

धरमपेठची_आई :
नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं मग? मी मोबाईलवर मराठी बडबडगीतं लावून देते. काहीच नसल्यापेक्षा बरं.

सावजी_प्रेमी :
ताई, रागावू नका, पण त्यावर भिस्त ठेवू नका. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं. काहींशी चिनी बोलणारं माणूस समोर बसून खेळलं, पुस्तकं वाचली; काहींना तेच रेकॉर्डिंग करून दाखवलं. समोरासमोर ऐकलेल्यांना चिनी उच्चारांतले फरक कळू लागले. पडद्यावाल्यांना काही नाही.

धरमपेठची_आई :
सात वाजता दमून आल्यावर तोंड उघडायची ताकद नसते हो. आणि सल्ले देणारे सगळे पुरुषच कसे?

मानेवाड्याचा_बाप :
ताई, आंघोळ घालायचं काम आमच्याकडे माझ्याचकडे आहे. तेव्हा ‘मी करलं’ आलं की मी एवढंच म्हणतो, ‘हो का, तू केलं? एकटीनं केलं?’

इतवारीची_मावशी :
मग हे टोकणंच झालं की! धपाटा तेवढा नाही.