लिंबूटिंबू पक्षांचा भाव २०२४ ला संपला का? आणि संपला तर वाईट काय झालं?

बेरीज_वजाबाकी
विधानसभेचा निकाल लागला, शपथविधी झाला, खातेवाटपाचे रुसवेफुगवे पण झाले, आता जरा धुरळा बसलाय म्हणून विषय काढतोय. २३ नोव्हेंबरला सगळे भाजप १३२, शिंदे ५७, दादा ४१ आणि तिकडे मविआची तिघांची मिळून ४६ एवढंच बघत बसले, खालच्या ओळी कुणी वाचल्याच नाहीत. सपा २, जनसुराज्य २, एमआयएम १, माकप १, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) १, रासप (राष्ट्रीय समाज पक्ष) १, रवी राणांचा युवा स्वाभिमान १, शिरोळची राजर्षी शाहू आघाडी १, अपक्ष २. टोटल १२. २०१९ ला हाच आकडा २९ होता, त्यात एकटे अपक्षच १३. मनसे शून्य, वंचित शून्य, प्रहार शून्य, आणि वसई-विरारमध्ये ज्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं त्या बविआचे (बहुजन विकास आघाडी) तिन्ही आमदार गेले, हितेंद्र ठाकूर स्वतः पडले.

माझं मत सरळ आहे, झालं ते बरं झालं. एक-दोन आमदार घेऊन बसायचं, निकाल लागला की दोन्हीकडे चहा प्यायचा आणि जो जास्त देईल त्याच्या पंगतीला बसायचं, हे तीस वर्षं बघितलं. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, त्यात एकही छोट्या पक्षाचा नाही, अपक्ष नाही. रिपाइंच्या आठवले साहेबांनी नाराजी बोलून दाखवली, कुणी ढुंकून बघितलं नाही. सरकारला आता कुणाच्या मिनतवाऱ्या करायच्या नाहीत. बोला आता.

जुनं_खोड
तीस वर्षं बघितलं म्हणता तर १९९५ पासून बघितलं असणार. तेव्हा काँग्रेस ८०, सेना ७३, भाजप ६५ आणि अपक्ष तब्बल ४५. युतीची बेरीज १३८, बहुमताला १४५ पाहिजेत. मनोहर जोशींचं सरकार त्या अपक्षांवर उभं होतं आणि त्यातले बरेचसे पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बंडखोर होते, इंदापूरचे हर्षवर्धन पाटील त्यातलेच. त्यांनी पाठिंब्याच्या बदल्यात काय मागितलं? मंत्रिपदं मागितली हे खरंच, पण पाणी पण मागितलं. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं ते काही युतीला स्वप्न पडलं म्हणून नाही. आधीच्या सरकारांमध्ये त्याच भागाचे मोठमोठे नेते बसलेले असताना जे झालं नव्हतं ते ४५ सुट्या आमदारांच्या धाकानं झालं.

बेरीज_वजाबाकी
@जुनं_खोड आणि मग रोखे काढून पैसा उभा केला, एकदम सगळीकडे नारळ फोडले आणि टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी शेवटच्या गावात पोचायला किती वर्षं गेली ते पण सांगा की. धाकानं काढलेल्या योजनेचं असंच होतं, सुरू सगळं होतं, पूर्ण काहीच होत नाही.

जुनं_खोड
उशिरा पोचलं पण पोचलं. आटपाडीत जाऊन डाळिंबाच्या बागा बघा आणि मग तिथल्या लोकांना सांगा की धाक वाईट असतो.

खवचट
दोघंही चुकीच्या ओळी वाचताय. छोटे पक्ष संपले नाहीत, फक्त मोठ्या नावाने आत जाऊन बसलेत. १४५ ला भाजपला फक्त १३ कमी आहेत. त्यातले जनसुराज्य, राणा, रासप, शिरोळचे यड्रावकर असे पाच-सहा बाहेरून आधीच खिशात. आता करा हिशोब. १३२ अधिक ४१ म्हणजे १७३, १३२ अधिक ५७ म्हणजे १८९. कुणीही एक बरोबर असला तरी सरकार चालतं. याचा अर्थ ५७ वाल्याला पण "मी निघालो" म्हणायची सोय नाही आणि ४१ वाल्याला तर नाहीच नाही. एकाच स्टँडवर दोन रिक्षा उभ्या असल्या की मीटरच्या वर कुणी मागत नाही, तसं आहे हे. शिंदेंनी गृहखात्यासाठी किती दिवस ताणलं, आपल्या गावी दरेगावला जाऊन बसले, शेवटी काय मिळालं? नगरविकास. गृह फडणवीसांकडेच.

२०१४ आठवा. भाजप १२२, सेना ६३ आणि सेनेला वाटत होतं आपल्याशिवाय जमत नाही. राष्ट्रवादीने निकाल पूर्ण लागायच्या आत बाहेरून पाठिंबा जाहीर केला आणि ६३ आमदारांचा भाव एका दुपारीत उतरला. ४१ आमदारांनी काही न घेता, काही न देता ते करून दाखवलं. किती आमदार आहेत ते मोजू नका, तुमच्याशिवाय जमतं का ते विचारा. एवढंच राजकारण आहे.

लिंबूटिंबू
@खवचट हा धाग्यातला पहिला शहाणा प्रतिसाद, बाकी चालू द्या 🍿

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अचलपूरचं सांगतो. प्रहारचे बच्चूभाऊ कडू २०१९ ला दोन आमदार घेऊन मविआत राज्यमंत्री झाले, मग शिंदेंच्या बंडात गुवाहाटीले गेले, तिकडून मंत्रिपद काही भेटलं नाही, अन २०२४ ला भाजपच्याच माणसानं पाडलं. म्हंजे ज्याले मदत केली त्यानंच घरात घुसून मारलं. पण एक गोष्ट सांगा बापा, दिव्यांगांसाठी वेगळा विभाग २०२२ ला झाला, तो देशात पहिला होता असं तेव्हाच जाहीर झालं होतं, तो कोन्या मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होता? मानूस नौटंकी करते, अधिकाऱ्यावर हात उचलते, हे आमालेबी माहीत आहे. पण तो विषय दुसऱ्या कोनी कधी लावूनच धरला नसता. महायुतीच्या २३० आमदारांत आता तो विषय कोन बोलते ते दाखवा.

बेरीज_वजाबाकी
एक विभाग काढला म्हणून गुवाहाटी माफ होते का?

वऱ्हाडी_ठेचा
माफ कुठं केली, लोकानं पाडलंच ना भाऊ त्याले. तुमाले आनखी काय पायजे?

रात्रपाळी
दहा जून २०२२ ची रात्र कुणाला आठवते का? राज्यसभेची सहावी जागा, भाजपचे धनंजय महाडिक विरुद्ध शिवसेनेचे संजय पवार. मी टीव्हीसमोर जागा होतो. मतदान संपलं तरी मोजणीच सुरू होईना कारण दोन्हीकडून आयोगाकडे तक्रारी, याने मतपत्रिका दुसऱ्याला दाखवली, त्याने हातात दिली वगैरे, शेवटी शिवसेनेच्या सुहास कांदेंचं मत बाद झालं आणि निकाल पहाटे आला. पहिल्या पसंतीत पवार पुढे होते. भाजपने आपल्या पहिल्या दोन उमेदवारांना ४८-४८ मतं दिली होती, कोटा ४१ चा, त्यामुळे वरची मतं दुसऱ्या पसंतीने खाली आली आणि महाडिक निघाले.

आता गंमत अशी की राज्यसभेला पक्षाच्या आमदाराला मत आपल्या पक्षाच्या अधिकृत एजंटला दाखवावं लागतं. अपक्षाला कुणालाच दाखवायचं नसतं. म्हणजे ज्याचं मत सगळ्यात महाग तोच एकटा पडद्याआड. बविआची तीन मतं तर शेवटपर्यंत कुणाला कळेनात, दोन्हीकडचे लोक त्यांच्या मागे. दुसऱ्या दिवशी संजय राऊतांनी उघड नावं घेऊन अपक्षांवर खापर फोडलं. दहा दिवसांनी विधान परिषदेत मतदानच गुप्त, तिथे काँग्रेसचे हंडोरे पडले आणि त्याच रात्री गाड्या सुरतेकडे निघाल्या. तेव्हा सरकार कुणी पाडलं विचाराल तर शिंदेंनी, पण पडतंय याचा पहिला आकडा दाखवला तो या सुट्या मतांनी.

बेरीज_वजाबाकी
@रात्रपाळी तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभार.

रात्रपाळी
नाही हो. दगा नुसता अपक्षांनी दिला नव्हता, परिषदेला मोठ्या पक्षांच्या आमदारांनी पण दिला. अपक्ष निदान बोर्ड लावून बसलेला असतो.

माणदेशी
सगळे छोटे एका पोत्यात भरू नका राव. सांगोल्यात शेकापचे बाबासाहेब देशमुख आले ते काय दोन्हीकडे चहा पिऊन आले नाहीत. समोर शिंदेसेनेचे शहाजीबापू, झाडी-डोंगार फेम, सत्तेतले, आणि तिसरा उबाठाचा (उद्धव ठाकरेंच्या सेनेचा) उमेदवार, म्हणजे ज्या आघाडीत शेकाप होता तिनेच समोर माणूस दिला. तरी पंचवीस हजारांच्या वर लीड. शेकापचे गणपतराव आबा देशमुख त्याच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले, पक्ष बदलला नाही. डहाणूत माकपचे निकोले तसेच, भाजपची लाट असताना परत आले. या लोकांना "भाव संपला" म्हणता, त्यांनी भाव कधी लावलाच नव्हता.

सडेतोड_सई
शेकापबद्दल एवढं गहिवरून येऊ नका, २००२ ला विलासरावांचं सरकार याच शेकापने पाठिंबा काढून काठावर आणलं होतं. कारण काय तर रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीशी वाजलं. जिल्हा परिषदेच्या भांडणासाठी राज्याचं सरकार धोक्यात, मग तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष गुजराथींनी काही आमदार अपात्र ठरवले तेव्हा कुठे ते ठराव जिंकले. आणि त्याच शेकापचे जयंत पाटील जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेला पडले, मित्रपक्षांची पुरेशी मतं मिळाली नाहीत. जशास तसं.

माणदेशी
@सडेतोड_सई रायगडचा शेकाप वेगळा आन सांगोल्याचा वेगळा, हे तिकडच्या शेकापवाल्याला पण मान्य असतंय.

निळी_शाई
कुणी अजून "वंचितने मतं खाल्ली" म्हणालं नाही याचं नवल वाटतंय, म्हणून आधीच लिहून टाकतो. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमधून काँग्रेसचे अशोक चव्हाण चाळीस हजारांनी पडले, वंचितला दीड लाखाच्या वर मतं. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले तेव्हाही तेच रडगाणं. ती मतं काँग्रेसच्या नावावर कधी सातबारा करून दिली होती? आणि नंतर चव्हाण साहेब स्वतः कुठे गेले ते बघा, म्हणजे "भाजपची बी टीम" आम्ही आणि ए टीममध्ये हे.

पार्लेकरीण
@निळी_शाई पण आकडे खोटे नाहीत ना. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत शिंदेसेनेचे वायकर ४८ मतांनी आले, अठ्ठेचाळीस, आणि तिथे वंचितला दहा हजार. आता विधानसभेला बुलढाण्यात शिंदेसेनेचे गायकवाड ८४१ ने आले, तिथेही वंचितची मतं फरकाच्या कितीतरी पट. तुम्ही स्वतः निवडून येत नाही पण दुसऱ्याला पाडता, मग याला ताकद म्हणायचं की खोडी?

निळी_शाई
मग जागा द्या ना. लोकसभेला चर्चेच्या फेऱ्यावर फेऱ्या झाल्या आणि हातात काय ठेवलं? मोठा पक्ष म्हणणार तुमची ताकद काय, आणि पडला की म्हणणार तुमच्यामुळे पडलो. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

खवचट
मतं खाणं एका बाजूचंच नसतं. माहीममध्ये मनसेचे अमित ठाकरे तिसरे आले, तेहतीस हजार मतं घेतली आणि उबाठाचे महेश सावंत १३१६ ने निघाले, शिंदेसेनेचे सरवणकर घरी. राज ठाकरेंनी न मागता भावाला दिलेली भेट. आणि औरंगाबाद पूर्वला तर छोट्यांनी छोट्याला खाल्लं, एमआयएमचे इम्तियाज जलील २१६१ ने पडले, तिथे वंचित आणि सपा दोघांनाही यापेक्षा जास्त मतं.

मांडवीपार
शेजारून एक उदाहरण. २०१७ ला गोव्यात काँग्रेस १७, भाजप १३, सभागृह ४० चं. मगोपचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) ३, गोवा फॉरवर्डचे ३ आणि अपक्ष धरून पर्रीकरांनी सरकार केलं. आम्ही म्हटलं छोट्यांचे दिवस आले. २०१९ च्या मार्चात मगोपचे तीनपैकी दोन मध्यरात्री भाजपमध्ये विलीन, दोन तृतीयांश भरले की पक्षांतर कायदा काही करू शकत नाही, मगोपच्या सुदिन ढवळीकरांचं उपमुख्यमंत्रिपद गेलं. जुलैत काँग्रेसचे १० फुटून आले तसे गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई पण बाहेर. तीन आमदारांच्या पक्षात दोन फोडायचे म्हणजे दोनच जेवणं. हरियाणात जेजेपी बघा, २०१९ ला १० आमदार, उपमुख्यमंत्रिपद, २०२४ ला शून्य.

बेरीज_वजाबाकी
म्हणजे मी म्हणतो तेच, या लोकांना भविष्य नाही.

मांडवीपार
भविष्य नाही कारण मोठा पक्ष आधी खांद्यावर हात ठेवतो आणि मग गिळतो. तुम्ही गिळणाऱ्याचं कौतुक करताय.

कलम_कसाई
एक तांत्रिक मुद्दा सगळे विसरताय. २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं आणि मंत्री कितीही करता यायचे, उत्तर प्रदेशात १९९७ ला कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले होते. आता मंत्री सभागृहाच्या १५ टक्केच, म्हणजे आपल्याकडे २८८ ला मुख्यमंत्री धरून ४३. तीन पक्षांत ४३ वाटायचे म्हटल्यावर एकट्या आमदाराला द्यायला उरतं काय? महामंडळ. यड्रावकर २०१९ ला अपक्ष निवडून येऊन राज्यमंत्री झाले कारण तेव्हा गरज होती. आता स्वतःची आघाडी काढून परत निवडून आले, मंत्रिपद नाही. मतदारसंघ तोच, माणूस तोच, फक्त १४५ चं अंतर बदललं.

जुनं_खोड
आणि विरोधी पक्षनेता? दहा टक्के धरले तर २९ लागतात, उबाठा २०, काँग्रेस १६. मोठ्या पक्षांनाच जिथे पद मिळेना तिथे सभागृहात प्रश्न विचारायला हेच सुटे दहा-बारा उरतात. कळवणचे गावित एकटेच माकपचे आमदार होते तेव्हा, पण मार्च २०१८ ला नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी सरकारला लेखी द्यायला लावलं. एका आमदाराच्या पक्षाने. २३० वाल्यांना असं कोण चालायला लावणार?

बेरीज_वजाबाकी
ते मोर्चाने झालं, आमदाराने नाही.

जुनं_खोड
मोर्चा कुणाच्या झेंड्याखाली होता?

लिंबूटिंबू
लाल 🍿

सडेतोड_सई
विधानसभेचं सोडा, जिल्हा परिषदा-नगरपालिका लागल्या की बघा. तिथे १४५ नसतं, तिथे दोन सदस्य कमी पडतात आणि मग हेच फडणवीस, शिंदे, दादांचे लोक स्थानिक आघाडीच्या एकेका मेंबरला गाडीत घालून रिसॉर्टवर नेणार. तेव्हा हा धागा वर काढा कुणीतरी.