शब्दचर्चा : ‘आढळले नाही’, ‘निरंक’ आणि ‘अप्राप्त’

गोदाकाठ, नांदेड : मंडळी, एका सुरक्षा एपीआयचं (एका प्रोग्रामनं दुसऱ्याला विचारायची सोय) वर्णन मराठीत लिहायलोय. ते वाचणार एआय एजंट, म्हणजे टूल निवडून स्वतः काम करणारा एआय प्रोग्राम. टूल व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या सेवेला विचारतं : फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा क्रमांक) द्यायचा, ती घातक म्हणून कुणी नोंदवली आहे का ते कळतं. उत्तराच्या वर्णनात मी लिहिलं होतं, ‘काही आढळले नाही’. चाचणीत एजंटानं तेवढ्यावर ‘फाइल सुरक्षित आहे’ असं ठोकून दिलं! खरं तर त्या हॅशची नोंदच नव्हती, एपीआयनं ४०४ (‘सापडलं नाही’चा कोड) दिला होता. ‘कुणी घातक म्हटलं नाही’ आणि ‘नोंदच नाही’ या दोन गोष्टींना वेगळे शब्द सुचवा.

उदगीरकर : ‘निष्पाप’ लिहा. फाइलला जामीनही मिळेल.

जुना कारकून, बीड : थट्टा राहू द्या. महसुलात हा घोळ आम्ही आयुष्यभर निस्तरलाय. महसूल मंडळात (काही गावांचा गट) चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, म्हणून पावसाळ्यात रोज सकाळी आकडे लागायचे. पाऊस पडलाच नाही, तर रकान्यात ‘निरंक’. आकडा आलाच नाही, तर ‘अप्राप्त’. एका नव्या पोरानं रकाना मोकळा सोडला अन् वरच्यानं तो शून्य धरला. आदल्या रात्री तिथं नाल्याला पूर होता! तुमच्या एजंटानं वेगळं काय केलं? मोकळा रकाना शून्य धरला.

शब्दवेडा, परभणी : काका, व्युत्पत्तीनं पाहिलं तर निर् + अंक, म्हणजे ज्यात आकडा नाही ते. मोकळ्या रकान्यालाच ‘निरंक’ म्हणायला हवं होतं.

जुना कारकून, बीड : व्युत्पत्ती तुमच्याकडं, वहिवाट आमच्याकडं. ‘निरंक’ लिहिणाऱ्यानं पाहिलेलं असतं, ही त्या शब्दाची हमी आहे.

गोदाकाठ, नांदेड : हमीचा मुद्दा पटला काका. पण ४०४ ला ‘अप्राप्त’ म्हणवत नाही. एपीआयनं उत्तर तर दिलंच की, ‘मला ही फाइल माहीत नाही’ असं.

लातूरची, संगणकवाली : दादा, म्हणून दोन नाही, तीन शब्द लागतील. पावसाचंच घ्या. आमच्या गावात पर्जन्यमापक नाही, मंडळाच्या गावी पडेल तोच पाऊस आमच्या नावावर चढतो. ही झाली ‘नोंद नाही’. मापक आहे, पण आज आकडा आला नाही, ते ‘अप्राप्त’. तुमच्या टूलमध्ये मोफत खात्याला मिनिटाला ४ विचारण्या अन् दिवसाला ५००. त्यापुढं ४२९ (‘फार विचारण्या झाल्या’चा कोड) येतो. ते ‘अप्राप्त’, थांबून परत विचारायचं. ४०४ ला लगेच परत विचारून उपयोग नाही. शब्द एकच ठेवलात तर एजंट ४०४ वरच दारं वाजवत बसंल. आणि ‘निरंक’ नुसता सोडू नका, त्याला एक वाक्य जोडा. मॉडेलनं महसुली कागद किती वाचलेत कुणास ठाऊक.

खरी भीती मला दुसऱ्याच शब्दाची आहे. तुम्ही टूलचं नाव काय ठेवलंय?

गोदाकाठ, नांदेड : ‘फाइल तपासा’. हॅश असला तर नोंद बघतं, नसला तर फाइलच वर चढवतं.

लातूरची, संगणकवाली : हेच! एजंट नाव अन् वर्णन वाचूनच टूल निवडतो. ‘तपासणे’ मराठीत फार ऐसपैस आहे. दप्तरात नाव बघणं हीही तपासणी, अन् मातीचा नमुना प्रयोगशाळेला पाठवणं हीही तपासणीच. इथं फरक मोठा आहे. हॅशवरून मूळ मजकूर उभा करता येत नाही. पण चढवलेली फाइल तिथल्या सुरक्षा कंपन्यांना अन् पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकते. उद्या कुणी म्हणालं ‘ही निविदा तपास’, तर एजंट बंद लिफाफाच चव्हाट्यावर मांडंल. दोन टूलं करा : ‘हॅशची नोंद पाहा’ आणि ‘फाइल बाहेर पाठवा’. ‘बाहेर’ शब्द गाळू नका.

शब्दवेडा, परभणी : ‘बाहेर पाठवा’ जरा गावठी वाटतं. ‘प्रेषित करा’?

जुना कारकून, बीड : ‘प्रेषित’ म्हटलं की कुठं गेलं ते कळत नाही. आमच्या निम्म्या फायली अशाच ‘प्रेषित’ झाल्या.

उदगीरकर : आता खरंच विचारतो. ४०१ ला ‘अनधिकृत’ लिहितात, ते बरोबर का?

लातूरची, संगणकवाली : मूळ इंग्रजी नावच फसवं आहे. ४०१ म्हणजे ‘ओळख पटली नाही’, एपीआयची किल्ली (पासवर्डासारखा संकेत) तपासा. ४०३ म्हणजे बहुतेक वेळा ‘ओळखलं, पण मुभा नाही’. तिथं माणसाला विचारायचं.

गोदाकाठ, नांदेड : आता असं लिहिलंय :

‘हॅशची नोंद पाहा. फाइल बाहेर जात नाही. निरंक : अँटिव्हायरस इंजिनांनी फाइल पाहिली, एकानंही घातक म्हटलं नाही, एवढ्यावरून सुरक्षित म्हणू नये. नोंद नाही (४०४) : फाइल इथं कधी आलेली नाही, निष्कर्ष काढू नये, फाइल आपणहून पाठवू नये, वापरकर्त्याला विचारावं. अप्राप्त (४२९ किंवा मुदतीत उत्तर नाही) : थांबून पुन्हा विचारावं.’

जुना कारकून, बीड : किती वेळा पुन्हा? तेही लिहा. आमच्याकडं तीन स्मरणपत्रांनंतर फाइल वर जायची.