'सुनेला पाठवली' की 'पाठवलं'?

रावपुरेकर: बडोद्याच्या आपल्या मंडळाच्या अंकासाठी गुजराती कथा मराठीत आणतोय. मी लिहिलं, 'सासूने सुनेला माहेरी पाठवली.' पुण्याच्या मुद्रितशोधक बाईंनी 'पाठवलं' केलं आणि समासात शेरा मारला: 'गुजरातीचा वास'. आमच्याकडे चार पिढ्या असंच बोलतात. चूक आहे?

दांडिया बझार: वास कसला, उघड उसनवारी आहे. 'सासुए वहुने पियर मोकली.' गुजरातीत कर्माला 'ने' लागला तरी क्रियापद कर्माचंच लिंग धरतं. मराठीत 'ला' लागला की कर्माचा हात सुटला, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. भावे प्रयोग. शाळेत शिकलो होतो ना?

सुरसागर काठ: त्याच शाळेत 'आईने मुलीला निजवली' पण होतं, कर्म-भाव संकर म्हणून, म्हणजे कर्मणी आणि भावे प्रयोगांची सरमिसळ. महाराष्ट्रातल्या पोरांनीही तेच घोकलंय, त्यांना कुठली गुजराती? माझी आजी साताऱ्याची, लग्न होऊन बडोद्यात आली. 'चोराला धरला' म्हणायची, आणि गुजराती तिला शेवटपर्यंत धड आली नाही.

दांडिया बझार: आजी म्हणजे पुरावा नव्हे. हिंदी बघा: 'सास ने बहू को भेजा.' तिथेही 'को' आल्यावर क्रियापद सुनेकडे बघत नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही म्हणून पुल्लिंग, एवढाच फरक.

सुरसागर काठ: म्हणजे हिंदीशी जुळलं तर शुद्ध, गुजरातीशी जुळलं तर वास? आणि 'तू चिठ्ठी पाठवलीस' घ्या. 'ली' चिठ्ठीची, 'स' तुझा. कर्ता आणि कर्म दोघांची खूण एका क्रियापदावर! हे हिंदीतही नाही, गुजरातीतही नाही. ज्या क्रियापदाला दोन धनी चालतात, त्याला एका 'ला'ची एवढी धास्ती का?

अलकापुरी: लिंग-वचन राहू द्या, 'ला' येतो कधी ते बघा. 'मुलगी पाहिली' म्हणजे कांदेपोहे. 'मुलीला पाहिलं' म्हणजे कुठेतरी दिसली. 'राधाला पाहिलं' ठीक. 'राधा पाहिली' म्हटलं तर लोक विचारतील, कुठल्या थिएटरात? कर्म माणूस आहे का, ठरावीक आहे का, यावर प्रत्यय ठरतो आणि प्रत्ययावर क्रियापदाचं रूप. वाक्यरचना, रूप आणि अर्थ असे तीन वेगळे तास शाळेत घेतात, पण बोलताना तिन्ही एकदमच चालू असतात.

दांडिया बझार: ताई, छान. पण 'पाठवली' की 'पाठवलं' ते नाही सांगितलंत.

अलकापुरी: मला दोन्ही चालतात. छापायचं तर 'पाठवलं'.

सुरसागर काठ: बोलायला एक आणि छापायला एक! मग बडोद्याचा अंक बडोद्यात काढायचा कशाला?

मांडवी: बडोद्यात कांदेपोहे कोण देतं हो? आमच्या वेळी मुलाकडच्यांना सेवउसळ दिली होती, भर मे महिन्यात.

अलकापुरी: मग जमलं का?

मांडवी: जमलं ना. तिखट खाऊन मुलगा रडला, आमच्या आईला वाटलं हळवा आहे.

रावपुरेकर: मंडळी, फॉर्म उद्या छापायला जातोय. बाईंना काय कळवू?

मांडवी: ते होईल हो. आधी सांगा, सुनेला माहेरी पाठवली का?