साखर उतरली, पण जवळचे दिसेना: चष्मा आताच करावा का?

माझ्या ५८ वर्षांच्या वडिलांची उपाशीपोटी साखर ३४० आल्याने तीन आठवड्यांपूर्वी इन्सुलिन सुरू झाले. तेव्हा लांबचे धूसर दिसत होते; आता साखर १४० च्या आसपास आल्यावर लांबचे सुधारले, परंतु जवळचे वाचता येईनासे झाले आहे, अगदी सिरिंजवरच्या खुणासुद्धा, आणि याचीच मला सर्वाधिक काळजी वाटते. बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासला असून त्यात दोष नाही, मोतीबिंदूही नाही. साखरेच्या चढउताराने डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो व नंबर स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. दहा दिवसांत दोनदा वेगळा नंबर आला. सध्या डोस मी भरतो, मात्र पुढील आठवड्यात मी बाहेरगावी असेन. ज्यांनी हे अनुभवले, त्यांनी कायमचा चष्मा किती आठवड्यांनी केला, आणि तोवर तयार मिळणाऱ्या वाचनाच्या चष्म्याने डोस अचूक भरता आला का?