उटण्याच्या मेल्ट अँड पोअर साबणाला फेस कमी येतो, काय करावे?

अबोली

नमस्कार. दिवाळीत नातेवाइकांना देण्यासाठी मी उटण्याचे साबण घरी करते. कॉस्टिक सोडा हाताळण्याची इच्छा नसल्यामुळे तयार पांढरा ग्लिसरीन बेस आणून, तो डबल बॉयलरवर वितळवून, त्यात हव्या त्या वस्तू मिसळून साच्यात ओतते. वास, रंग आणि आकार या तिन्ही बाबतींत साबण चांगले होतात. मात्र अंगाला कितीही चोळले तरी फेस फार थोडा येतो आणि आला तरी लगेच विरून जातो. बेसचा तुकडा काहीही न मिसळता वापरून पाहिला, तेव्हा त्याला यापेक्षा बराच जास्त फेस आला, त्यामुळे दोष बेसचा नसावा असे वाटते.

१ किलो बेससाठी मी १०० ग्रॅम उटणे (आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा आणि मुलतानी माती), ४ मोठे चमचे खोबरेल तेल, २ मोठे चमचे एरंडेल, एका लिंबाचा रस आणि २० मिलिलिटर सुगंधी तेल घेते. खोबरेलामुळे फेस वाढतो आणि एरंडेलामुळे तो टिकतो, असे साबणाच्या अनेक कृतींमध्ये वाचले होते, म्हणून ही दोन्ही तेले घातली. आमच्याकडे लातूरला वापराचे पाणी बोअरचे आहे. सल्फेट असलेला फेसकारक पदार्थ मला शक्यतो वापरायचा नाही. फेस वाढवण्यासाठी आणखी काय घालावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

रानजाई

अबोलीताई, आणखी काय घालावे याआधी काय काढावे याचा विचार करावा लागेल, कारण काही न मिसळलेल्या बेसला फेस येतो ही तुमचीच नोंद फार महत्त्वाची आहे. बेस हा पूर्ण झालेला साबण असतो. आपण त्यात जे जे घालतो, त्यातील बहुतेक वस्तूंनी त्याचा फेस कमीच होतो.

तुम्ही वाचलेली खोबरेल आणि एरंडेलाची माहिती खरी आहे, परंतु ती कॉस्टिक सोडा घालून मुळापासून केलेल्या साबणाची आहे. खोबरेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते आणि सोड्याशी संयोग झाल्यावर त्यापासून झालेला साबण भरपूर, हलका फेस देतो. एरंडेलातील रिसिनोलिक आम्लापासून झालेला साबण तो फेस टिकवतो. हा बदल घडण्यासाठी १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, आणि तयार बेसमध्ये असा मोकळा सोडा उरलेलाच नसतो. त्यामुळे तुम्ही घातलेले तेल साबण न होता तेलच राहते. तुमचे सहा मोठे चमचे म्हणजे ९० मिलिलिटर तेल होते, म्हणजे बेसच्या वजनाच्या ८ टक्क्यांहून अधिक. बुडबुड्याभोवती साबणाच्या पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब शिरले की तो फाटतो, आणि साबणाचा बराचसा भाग त्या तेलालाच धुण्यात खर्च होतो. १ किलो बेसला सगळी तेले मिळून १० मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेस हेच उद्दिष्ट असेल, तर तेल अजिबात घालू नये.

लिंबाचा रस मात्र पूर्णपणे बंद करावा, कारण तो साबणालाच घातक आहे. साबण हा मेदाम्लाचा सोडियम क्षार असतो आणि तो अल्कधर्मी परिस्थितीतच टिकतो. त्यात आम्ल पडले की साबणाचा काही भाग फुटून पुन्हा मेदाम्ल मोकळे होते आणि त्याला फेस येत नाही. दही, ताक, टोमॅटोचा रस, संत्र्याचा रस या वस्तूंनाही हेच लागू आहे, शिवाय त्या वडीत नासतात. घरगुती साबणाच्या कृतींमध्ये त्वचा उजळण्याच्या नावाखाली लिंबू सर्रास सांगितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उटण्याचे १०० ग्रॅम हे प्रमाणही फार आहे. चूर्ण पाणी शोषते, वडी कोरडी आणि ठिसूळ होते, आणि अंगावर साबणापेक्षा चूर्णच अधिक घासले जाते. वस्त्रगाळ केलेले १० ते २० ग्रॅम उटणे रंगासाठी आणि गंधासाठी पुरेसे होईल. सुगंधी तेलही १० मिलिलिटरवर आणून पाहावे, कारण तेही शेवटी तेलच आहे.

बेस उकळू देऊ नये. ६५ अंशांच्या आसपास तो नीट वितळतो. जास्त वेळ तापवल्यास त्यातील पाणी उडून जाते, वडी चिवट होते आणि ओल्या हातावर लवकर विरघळत नाही. साबण पाण्यात विरघळल्याशिवाय फेस कुठून येणार?

पाणाडी

रानजाई यांनी वडीच्या आतील कारणे नेमकी सांगितली आहेत. मी वडीच्या बाहेरच्या कारणाविषयी, म्हणजे पाण्याविषयी लिहितो, कारण बोअरचा उल्लेख वाचून मला तेच प्रथम जाणवले. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळदा भरपूर असते. साबण अशा दुष्फेन (कठीण, जड) पाण्यात गेला की या दोन धातूंशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि न्हाणीघराच्या फरशीवर चिकट थर बसतो, तो हाच. पाण्यातील सगळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असे वापरून संपेपर्यंत फेस धरतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे मानकात बसणारे पाणीदेखील साबणासाठी बरेच जड असू शकते.

याची खात्री घरीच करता येते. दोन सारख्या स्वच्छ बाटल्या घेऊन एकीत बोअरचे आणि दुसरीत आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. काही न मिसळलेल्या बेसचा सारख्या वजनाचा कीस दोन्हींत टाकून तो विरघळू द्यावा, झाकण लावून सारखेच हलवावे आणि पाच मिनिटांनी फेसाची उंची पाहावी. त्यानंतर तुमच्या तयार वडीचा कीस घेऊन हाच प्रयोग करावा. पाण्यामुळे किती फेस जातो आणि मिसळलेल्या वस्तूंमुळे किती जातो, हे यातून वेगवेगळे कळेल.

पाणी बदलता येत नसेल, तर दुष्फेन पाण्यातही काम करणारा सौम्य फेसकारक बेसमध्ये मिसळावा. तुम्हाला सल्फेट नको आहे, म्हणून मी कोकामिडोप्रोपिल बीटेन सुचवतो. हे खोबरेलातील मेदाम्लांपासून तयार केलेले द्रव असते, साबणाचे सामान विकणाऱ्यांकडे मिळते, आणि त्यात मूळ पदार्थ साधारण ३० टक्के व उरलेले बहुतेक पाणी असते. १ किलो बेसला २० ते ३० ग्रॅम पुरते. त्याहून अधिक घातल्यास वडी मऊ पडते. ते शेवटी घालून अगदी हळू ढवळावे, नाहीतर पातेल्यातच फेस होऊन तो वडीत अडकतो. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट हा दुसरा चांगला पर्याय आहे, परंतु तो बेसमध्ये सहजी विरघळत नाही आणि त्याची भुकटी श्वासातून गेल्यास घसा व नाक चुरचुरते. त्यामुळे मास्क लावल्याशिवाय तो हाताळू नये.

नवा बेस घेताना घटकांची यादी अवश्य वाचावी. नुसत्या साबणाचा बेस आणि फेसकारक आधीच मिसळलेला बेस यांत बोअरच्या पाण्यावर मोठा फरक दिसतो. शिया बटरसारखी जास्तीची स्निग्धता घातलेला बेस तुमच्या पाण्यासाठी मी निवडणार नाही.

अबोली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाटलीचा प्रयोग केला. साध्या बेसला आरओच्या पाण्यात दाट फेस आला, बोअरच्या पाण्यात त्याहून कमी आला, आणि माझ्या तयार वडीला दोन्ही पाण्यांत अगदीच थोडा आला. यावरून कारणे दोन्ही आहेत आणि मिसळलेल्या वस्तूंचा वाटा मोठा आहे, असे मी समजते. लिंबू आणि तेल बंद करते. दोन शंका उरल्या आहेत. तेल काढल्यावर थंडीत त्वचा कोरडी पडेल का? आणि बीटेनऐवजी रिठ्याचा काढा घातला तर चालेल का?

केवडा

अबोलीताई, रिठ्यातील सॅपोनिनला फेस उत्तम येतो हे खरे असले, तरी काढा म्हणजे मुख्यतः पाणीच असते. फेसाला उपयोग होईल इतका काढा घातला तर वडी लिबलिबीत होते आणि वनस्पतीचा अंश असलेल्या त्या पाण्यावर बुरशी धरण्याचा धोका राहतो. रिठ्याची पूड घातल्यास ती टोचते आणि डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. रिठा केसांसाठी ताजा उकळून वापरावा, वडीत घालू नये.

कोरडेपणाची काळजी दिवाळीपुरती तरी नको, कारण हे साबण अभ्यंगस्नानासाठी आहेत आणि त्या दिवशी अंगाला तिळाचे तेल आधीच चोळलेले असते. उलट त्या तेलामुळे पहिल्या हाताला कोणत्याही साबणाचा फेस कमीच येतो, तेल निघून गेल्यावर दुसऱ्या हाताला तो खुलतो. ज्यांना साबण द्याल, त्यांना हे आवर्जून सांगावे. इतर दिवशी बेसमधील ग्लिसरीन काही प्रमाणात उपयोगी पडते, आणि त्वचा फारच कोरडी असल्यास आंघोळीनंतर ओलसर अंगावर थोडे खोबरेल लावणे हे ते साबणात घालण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे.

साबणाबरोबर सुती किंवा घायपाताच्या धाग्याची जाळीदार पिशवीही द्यावी, असे मी सुचवेन. फेस म्हणजे पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा, आणि जाळीतून वडी चोळली की साबणाच्या पाण्यात ती हवा तळहातापेक्षा पुष्कळ अधिक मिसळते. शिवाय पिशवी टांगून ठेवता येत असल्यामुळे वडी पाण्यात बसून विरघळत नाही.

नवीन प्रमाण ठरवताना आधी १०० ग्रॅम बेसच घ्यावा, त्यात १ ग्रॅम उटणे आणि २ ग्रॅम बीटेन वजनकाट्यावर मोजून घालावे, आणि वडी एक दिवस पूर्ण घट्ट होऊ दिल्यानंतर बोअरच्याच पाण्यात तिचा फेस पाहावा. उटणे वाढवायचे असल्यास दर वेळी अर्धा ग्रॅम वाढवत जावे, म्हणजे फेस कुठे पडू लागतो हे नेमके हाती येईल.