मदत हवी आहे: संसदीय समितीला मराठी सूचना कशा पोचवायच्या?

विधेयक स्थायी किंवा संयुक्त समितीकडे गेलं की लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालयाची सूचना मागवणारी जाहिरात येते. मुदत बहुधा १५ दिवस, लेखी निवेदनाच्या दोन प्रती, भाषा इंग्रजी किंवा हिंदी. गोची इथेच आहे. गावोगावच्या सूचना मराठीत येतात आणि निम्मी मुदत भाषांतरातच जाते.

सध्या निवेदनात तीन रकाने करतोय: विधेयकातला खंड-उपखंड (कलम-पोटकलम), बदलून हवा असलेला नेमका मजकूर, कारण. नुसतं "विधेयक जाचक आहे" लिहून भागत नाही. समिती खंडवार विचार करते, तिला दुरुस्तीचे शब्द लागतात. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तर तसं निवेदनातच नमूद करावं लागतं (हे हमखास राहून जातं). आणि निवेदन समितीच्या दप्तरात गोपनीय धरलं जातं, त्यामुळे ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये.

जाणकारांनी सांगावं:

सह्यांची मूळ मराठी पत्रं परिशिष्ट म्हणून जोडली तर चालतात का? भाषांतर प्रमाणित लागतं की साधं पुरतं?

दुसरं, २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयक आणणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाने त्याचा मसुदा संसदेत मांडण्याआधी किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा. तो ठेवलाच नसेल तर हा मुद्दा निवेदनात कुठे घालावा? धोरण कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून तो पहिल्याच पानावर टाकला तर खंडवार दुरुस्त्या झाकोळतील असं वाटतं. कोणाकडे आधी दिलेल्या निवेदनाचा कोरा साचा असेल तर फारच बरं.