विषय: कौनसमध्ये एक दिवस, काय पाहावं?

नमस्कार मंडळी,
लेक लिथुआनियातल्या कौनसला मेडिकलला आहे. मार्चच्या मध्यावर तिला भेटायला जातोय. मोकळा दिवस एकच. किल्ला बघूच, आणखी काय चुकवू नये?

*

दादा,
किल्ल्याआधी युद्धसंग्रहालयाच्या बागेत जा. तिथे पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाचा पुतळा आहे. तो क्निगनेशिस, म्हणजे पुस्तकं वाहून आणणारा. रशियन सत्तेविरुद्धचा 1863 चा उठाव मोडल्यावर झारच्या सरकारने लिथुआनियन भाषा रोमन लिपीत छापायला बंदी केली. भाषा चालेल, अक्षरं मात्र रशियन हवीत! लोकांनी त्या सरकारी पुस्तकांकडे पाठ फिरवली. बिशप व्हालान्च्युस यांनी सीमेपलीकडे, प्रशियात छपाईची सोय लावली आणि साध्या शेतकऱ्यांनी रात्री-अपरात्री पहारा चुकवून पुस्तकं आत आणली. प्रार्थनेची पुस्तकं, बाराखडीची पुस्तकं, पुढे 1883 पासून 'आउश्रा' मासिक. सापडलं की सैबेरिया. हे 1904 पर्यंत, चाळीस वर्षं चाललं.

माझ्याकडे पाच लितासची जुनी नोट आहे, युरो येण्याआधीची. एका बाजूला प्रमाणभाषा घडवणारे योनास याब्लोन्स्किस, मागे पेत्रास रिम्शा यांचं शिल्प: आई सूत कातत्येय, शेजारी मूल पुस्तक वाचतंय. हात सुताला, कान मुलाच्या वाचनाला. बंदीच्या काळातली शाळा ती हीच. आपल्या रविवारच्या वर्गात "देवनागरी कशाला, रोमनमध्ये लिहू द्या ना" असं कुणी म्हटलं की मी ती नोट काढून दाखवते. (त्यांची लिपी रोमन, आपली देवनागरी, एवढाच फरक.)

ता.क. 16 मार्च साधता आला तर बघा. तीस वर्षं पुस्तकं आणणाऱ्या युर्गिस बिएलिनिसचा तो जन्मदिवस. तिकडे क्निगनेशिसांचा दिवस म्हणून पाळतात.

*

ताई,
फार छान लिहिलंत. त्यांची एक म्हण आहे: "दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस." देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. आपली आजी म्हणायची, चोच दिली तो चाराही देईल! दिएवास, दांतिस ऐकून कान टवकारतात की नाही? मुलगा सूनुस, आग उग्निस, धूर दूमास. संस्कृतातले सूनु, अग्नी, धूम डोळ्यांपुढे उभे राहतात. इतकी जुनी रूपं जपलेली भाषा त्या चाळीस वर्षांत हातची गेली असती, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

*

ताई, काका,
विमान 15 ला पोहोचतं. 16 ला सकाळी लेकीला घेऊन आधी बागेतच जाणार. पुतळ्यापाशी फुलं ठेवली तर चालतं ना?

*

दादा,
जरूर ठेवा. फक्त मोजून सम संख्येत घ्या, चार किंवा सहा. गेलेल्यांसाठी तिकडे सम फुलं वाहतात. लेकीसाठी घ्याल ती मात्र विषम.